कागदकाम आणि हस्तकलेत करिअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कागदाच्या वस्तू छान जमतात, घरचे कौतुक करतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, "हे विकत का नाहीस?" तिथून पुढे जे प्रश्न पडतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं पोटापाण्यासाठी कागदकाम करू पाहणाऱ्यांसाठी आहेत. निव्वळ छंद म्हणून करणाऱ्यांना यातलं निम्मं लागणारही नाही.

यात खरंच पोट भरतं का?

भरतं, पण एकाच प्रकारच्या कामावर फार थोड्यांचं. बहुतेक जण तीन-चार गोष्टी एकत्र सांभाळतात: तयार वस्तूंची विक्री, ऑर्डरप्रमाणे केलेलं खास काम, शिकवणं, आणि किट किंवा डिजिटल डिझाइन. एका बाजूला मंदी आली की दुसरी बाजू सावरून घेते.

माणसं यातून बाहेर पडतात ती कल्पकता कमी पडते म्हणून नव्हे. कल्पना सगळ्यांकडे असतात. एकच कार्ड शंभराव्यांदा पहिल्याइतक्याच सफाईने करता येणं आणि त्याला किती मिनिटं लागतात हे पक्कं ठाऊक असणं, यावर टिकाव ठरतो. पुढच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

कार्डं आणि क्विलिंग (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली नक्षी) सोडून आणखी कोणती कामं असतात?

पुष्कळ. लग्न-समारंभांची निमंत्रणं, कागदी फुलांची सजावट, हाताने बांधलेल्या वह्या आणि अल्बम, दुकानांच्या काचेमागची मांडणी, जाहिरातींसाठी आणि मासिकांसाठी कागदी शिल्पं, स्टॉप-मोशन फिल्मचे सेट, खोक्यांच्या डिझाइनचे पहिले नमुने म्हणजे डमी. पॉप-अप पुस्तकांमध्ये पान उघडल्यावर काय कसं उभं राहील हे ठरवणारा पेपर इंजिनिअर असतो, आणि तो पूर्णवेळचा पेशा आहे. या क्षेत्रातला मेगेनडॉर्फर पुरस्कार १९९८पासून दिला जातो. हातकागद बनवणं हा वेगळाच व्यवसाय आहे. त्याला जागा, पाणी आणि अंगमेहनत भरपूर लागते.

युलिया ब्रॉडस्काया ग्राफिक डिझाइनमधून आल्या आणि कागदाच्या पट्ट्या कडेवर उभ्या करून चित्रं करू लागल्या. मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत आज त्यांचं काम दिसतं. रॉबर्ट लँग हे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या ओरिगामीच्या अभ्यासाचा उपयोग मोटारीतली एअरबॅग घडी करून बसवण्यासाठी आणि अवकाशात उलगडणाऱ्या दुर्बिणीच्या रचनेसाठी झाला. दोघांकडेही आधीच्या पेशातली समज होती आणि ती त्यांनी कागदात आणली. तुम्ही हिशेब, शिवणकाम, छपाई किंवा शिकवणं यातलं काही जाणत असाल तर ते विसरून कोऱ्या पाटीने सुरुवात करू नका. तुमचं वेगळेपण बहुधा तिथेच सापडेल.

डिग्री लागते का?

नाही. अपवाद एकच: ग्रंथालयं आणि संग्रहालयांतलं जुन्या कागदांचं जतन. तिथे रसायनशास्त्र आणि रीतसर प्रशिक्षण लागतं, आणि ते योग्यच आहे. बाकी सगळीकडे काम बघितलं जातं. दहा-बारा नीट फोटो काढलेल्या वस्तू दाखवता आल्या की पुरे.

माझं वय जास्त आहे. उशीर झाला का?

मेरी डिलेनी या इंग्लिश बाईंनी १७७२च्या सुमारास, वयाच्या ७२व्या वर्षी, रंगीत कागद कापून फुलांची चित्रं करायला घेतली. पुढच्या दहा वर्षांत जवळपास हजार चित्रं झाली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांना काम विकायचं नव्हतं, म्हणून धंद्याचा दाखला म्हणून हे सांगत नाही. पण हात आणि नजर त्या वयातही तयार होतात, एवढं यातून नक्की कळतं.

कागदाबद्दल कमीत कमी काय माहीत असायला हवं?

तीन गोष्टी: जीएसएम, ग्रेन आणि आम्ल.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. रोजचा प्रिंटरचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. उभं राहणारं कार्ड हवं तर २५० ते ३००च्या आसपास जावं लागतं. गुंतागुंतीच्या ओरिगामीला मात्र पातळ आणि चिवट कागद लागतो. जीएसएम म्हणजे जाडी नव्हे. दोन कागदांचं वजन सारखं असूनही एक फुगीर आणि दुसरा दाबून गुळगुळीत केलेला असू शकतो. म्हणून नुसता आकडा वाचून कागद मागवू नका, आधी नमुना हातात घ्या.

ग्रेनकडे नवखे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. यंत्रावर कागद बनताना त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेला लागतात. ती दिशा म्हणजे ग्रेन. तिला समांतर घडी स्वच्छ पडते. आडवी घडी खरबरीत पडते आणि जाड कागदात फुटते. ओळखायचं कसं? कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी नुसता वाकवून बघा. ज्या बाजूने तो निमूट वाकतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर ग्रेन आहे. ए४ कागदात ग्रेन बहुधा लांबीच्या दिशेला असतो, त्यामुळे तो मधोमध दुमडून कार्ड केलं की घडी नेमकी ग्रेनच्या विरुद्ध जाते. कार्डांचं काम नियमित करायचं असेल तर मोठे ताव घेऊन ग्रेन पाहून कापा. नासाडीही कमी होते. हातकागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

आता घडीविषयी थोडं सविस्तर, कारण गिऱ्हाईक पहिलं बोट घडीवरून फिरवतं. जाड कागद थेट दुमडायचा नाही. स्टीलची पट्टी ठेवून बोन फोल्डरचं, म्हणजे घडी घोटायच्या बोथट पट्टीचं, टोक आधी हलकं आणि मग जरा दाबून ओढायचं. एका बाजूला खाच पडते, दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. घडी घालताना तो उंचवटा आतल्या बाजूला यायला हवा. उलट घातली की बाहेरचे तंतू ताणून तुटतात, आणि आतून पांढरा असलेल्या गडद कार्डाच्या कण्यावर पांढरी रेघ उमटते. ती नंतर लपवता येत नाही. शेवटी घडी घोटताना वर एक कोरा कागद ठेवावा, नाहीतर घासलेल्या जागी चकाकी येते.

तिसरं आम्ल. स्वस्त लाकडी लगद्यात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य राहतं. उजेडात, हवेत ते पिवळं पडतं आणि त्यातून आम्ल तयार होतं. जुनं वर्तमानपत्र हा त्याचा रोजचा पुरावा. एकदा वापरून टाकायच्या वस्तूला हे चालतं. पण अल्बम, फ्रेम, आठवणींची वही असं काही विकत असाल तर आम्लमुक्त कागदच वापरा आणि गिऱ्हाइकाला तसं सांगा. दहा वर्षांनी त्या वस्तूचं काय होणार याची जबाबदारी बनवणाऱ्याची आहे, असं मी मानतो.

गोंद कोणता वापरावा?

बहुतेक कामाला पीव्हीए, म्हणजे फेविकॉलसारखा पांढरा गोंद, चालतो, फक्त तो पातळ लावायचा. त्यातल्या पाण्याने कागद फुगतो आणि वाळताना वाकतो, म्हणून चिकटवल्यावर वजनाखाली ठेवायचं आणि घाई करायची नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर बाहेरून कागद लावला की पुठ्ठा बाहेरच्या बाजूला ओढला जातो. आतून कागद लावला की ती ओढ परत समतोल होते. बाइंडिंगमध्ये पिठाची खळ अजूनही का टिकून आहे? ती हळू वाळते, कागद सरकवून नीट बसवता येतो, आणि पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर पाण्याने सुटते. फोटो आणि पातळ कागदाला दुहेरी टेप बरी. हॉट ग्लू कागदी फुलांच्या देठापुरताच ठेवा. उष्णतेत तो सुटतो आणि कार्डावर त्याच्या गुठळ्या दिसतात.

सुरुवातीला कोणती हत्यारं घ्यावीत?

चांगली सुरी, भरपूर पाती, कटिंग मॅट, स्टीलची पट्टी, बोन फोल्डर, दोन कात्र्या, क्विलिंग करत असाल तर खाच असलेली सुई. बस. पैसे वाचवायचे तर पात्यांवर वाचवू नका. बोथट पातं कागद कापत नाही, ओढून फाडतं, आणि जोर लावावा लागल्यामुळे बोटही तेच कापतं. वापरलेली पाती झाकणाच्या डब्यात साठवून मगच टाका.

कटिंग मशीन घेऊ का?

आकार वारंवार तोच असेल आणि सुरीने कापण्यात दिवस जात असेल तरच. क्रिकट, सिल्हूट यांसारखी मशीन एसव्हीजी फाइलवरून (म्हणजे कॉम्प्युटरवर रेषांनी काढलेल्या डिझाइनवरून) बिनचूक कापतात, पण डिझाइन, जुळवणी आणि चिकटवणं तुमच्याकडेच राहतं. मशीन घेऊन विक्री वाढत नाही. आहे ती विक्री वेळेत पुरी करायला ते मदत करतं.

आणखी एक बघा: मशीनचं सॉफ्टवेअर कंपनीच्या हातात असतं. मार्च २०२१मध्ये क्रिकटने जाहीर केलं होतं की मोफत खात्यांना महिन्याला २०च डिझाइन अपलोड करता येतील. वापरणाऱ्यांनी जोरदार विरोध केला आणि कंपनीने निर्णय मागे घेतला. तुमच्या मूळ फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर, कुठेही उघडतील अशा स्वरूपात ठेवा.

किंमत कशी ठरवायची?

आधी घड्याळ लावा. "एका कार्डाला अर्धा तास जातो बहुतेक" हा अंदाज धंद्याला पुरत नाही.

समजा क्विलिंगच्या २० कार्डांची एक खेप केली. कापायला ४० मिनिटं, घड्यांना २०, पट्ट्या गुंडाळायला २००, चिकटवायला १००, तपासून पाकिटात भरायला ४०. एकूण ४०० मिनिटं, म्हणजे कार्डाला २०. यात निम्मा वेळ गुंडाळण्यात गेला हे लिहिल्याशिवाय दिसलं नसतं. प्रत्येक कार्डावर १० गुंडाळ्या असतील तर एका गुंडाळीला एक मिनिट. तीन गुंडाळ्या कमी करूनही डिझाइन तितकंच देखणं राहत असेल तर कार्डामागे तीन मिनिटं वाचली. डिझाइन असं घड्याळासमोर बसून पारखायला शिका. यात कलेशी तडजोड होत नाही. उलट काय अनावश्यक होतं ते कळतं.

मग किंमत: साहित्य (वाया गेलेल्या कागदासह), अधिक वेळ गुणिले तुमची तासाची मजुरी, अधिक वरखर्च. वरखर्चात पाती, वीज, पॅकिंग, विक्रीचं कमिशन, फोटो काढण्याचा आणि निरोपांना उत्तरं देण्याचा वेळ, सगळं येतं. आठवड्यात ४० तास काम करणाऱ्याच्या हातात प्रत्यक्ष कागद त्याहून खूप कमी तास असतो. उरलेले तास फुकट धरले की वर्षअखेर हातात काही राहत नाही. या बेरजेवर नफा वेगळा. मजुरी म्हणजे नफा नव्हे, कारण उद्या हेच काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं झालं तर मजुरी त्याला द्यावी लागेल.

आलेली किंमत जास्त वाटली तर? किंमत उतरवण्याआधी वस्तू बदलून बघा. २० मिनिटांची वस्तू १२ मिनिटांत बसते का, किंवा तीच वस्तू फ्रेममध्ये घालून मोठ्या किमतीच्या गटात जाते का. स्वतःची मजुरी कापणं हा शेवटचा उपायही नाही. त्याने बाकीच्या कारागिरांचेही भाव पडतात.

दुकानदार निम्म्या किमतीत मागतो. हे बरोबर आहे का?

होलसेलमध्ये साधारण असंच असतं. गिऱ्हाइकाला १०० ला मिळणारी वस्तू दुकानदार ५०च्या आसपास घेतो, कारण जागा, माणसं आणि न खपलेला माल हा त्याचा खर्च असतो. म्हणून तुमची किंमत पहिल्या दिवसापासूनच अशी हवी की निम्म्यातही मजुरी सुटावी. सुटत नसेल तर ती वस्तू होलसेलची नाही. तसं सरळ सांगा, दुकानदाराला राग येत नाही.

'विकलं गेलं की पैसे' या पद्धतीत तुमचा वाटा थोडा जास्त असतो, पण माल उन्हात फिका पडला किंवा हरवला तर तो कुणाचा, हे आधी लिहून घ्या. दर महिन्याला हिशेब मागा.

ऑनलाइन कुठे विकावं?

तयार गर्दी हवी तर बाजारपेठेच्या साइट, स्वतःची ओळख हवी तर स्वतःचं पान. सुरुवात बाजारपेठेतून करून हळूहळू गिऱ्हाईक आपल्याकडे वळवणं हा मला पटलेला मार्ग. हस्तकलेसाठी ओळखली जाणारी एट्सी २००५मध्ये सुरू झाली. २०२२मध्ये तिने विक्रीवरचं शुल्क ५ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेलं. वस्तू मांडण्याचं आणि पैसे स्वीकारण्याचं शुल्क त्याहून वेगळं. दुसऱ्याच्या जागेत दुकान मांडलं की भाडं तो ठरवणार, तेव्हा किमतीत ते आधीच धरा.

फोटो दिवसाउजेडी, खिडकीच्या बाजूने उजेड येईल असे काढा. कागदाची खोली सावलीत दिसते. समोरून फ्लॅश मारला की उठावाचं काम सपाट दिसतं. एक फोटो वस्तू हातात धरून घ्या म्हणजे आकार कळतो.

कार्डांचे आकार कसे ठरवावेत?

पाकिटापासून सुरुवात करा. ए५ दुमडला की ए६ म्हणजे १०५ × १४८ मिमी. तो सी६ पाकिटात (११४ × १६२ मिमी) नीट बसतो. मनाला येईल तो आकार केला की पाकीटही हाताने करत बसावं लागतं. उठावाचं काम असेल तर पाकिटाऐवजी चपटं खोकं घ्या.

दुसऱ्याचं डिझाइन बघून केलेली वस्तू विकली तर चालते का?

तंत्र कुणाच्या मालकीचं नसतं. क्विलिंग, पॉप-अपची व्ही-घडी, पारंपरिक ओरिगामी बगळा हे सगळ्यांचं आहे. पण एखाद्याने रचलेली विशिष्ट आकृती, टेम्प्लेट, चित्र हे त्याचं असतं, आणि तिचा रंग बदलल्याने ती तुमची होत नाही. विकत घेतलेल्या एसव्हीजी फाइलसोबतचा परवाना वाचा. वैयक्तिक वापर आणि व्यावसायिक वापर वेगळे असतात. रबरी शिक्के बनवणाऱ्या अनेक कंपन्या हाताने उमटवलेल्या वस्तू विकायला परवानगी देतात, पण त्याच चित्राच्या छापील प्रती काढायला देत नाहीत.

हा विषय कोर्टापर्यंत जातो. २०११मध्ये रॉबर्ट लँग आणि आणखी काही ओरिगामीकारांनी चित्रकार सारा मॉरिस यांच्यावर अमेरिकेत दावा लावला, कारण आपल्या घड्यांच्या आराखड्यांवरून चित्रं केली गेली असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे तडजोड झाली. शंका असेल तर मूळ कलाकाराला विचारा. बहुतेक जण मोकळेपणाने होकार देतात, नाव लिहा एवढंच म्हणतात.

तुमचं काम कुणी उचललं तर आधी साधं, सभ्य पत्र पाठवा. तारखेसह कच्ची रेखाटनं जपून ठेवली असतील तर बोलणं सोपं जातं.

खास ऑर्डर घेताना काय ठरवून घ्यावं?

नग, मजकूर (स्पेलिंग गिऱ्हाइकानेच लिहून द्यावं), रंग, तारीख, किती वेळा बदल फुकट, आणि आगाऊ रक्कम. आगाऊ रकमेशिवाय कागद कापायला घेऊ नका, ओळखीच्यांसाठीही नाही. मोठ्या ऑर्डरला आधी एक नमुना करून मंजूर करून घ्या आणि तो नमुना स्वतःकडे ठेवा. मोजून दहाएक टक्के नग जास्तीचे करायचे, कारण शेवटच्या दिवशी डाग पडतोच.

पाठवताना वस्तू चेपतात. काय करावं?

दोन्ही बाजूंना ताठ पुठ्ठा, तोही वस्तूपेक्षा थोडा मोठा, म्हणजे कोपरे वाचतात. ओल येऊ नये म्हणून आतलं पाकीट बंद हवं. नव्या पॅकिंगची परीक्षा साधी आहे: स्वतःच्याच पत्त्यावर एक पार्सल पाठवून बघा.

शिकवून कमाई होते का?

होते, आणि वस्तूंपेक्षा स्थिर होते. पण करता येणं आणि शिकवता येणं यात फरक आहे. दोन तासांच्या वर्गात सगळ्यांची एक वस्तू पुरी झाली पाहिजे, कारण अर्धवट वस्तू घेऊन गेलेला माणूस परत येत नाही. वेळखाऊ कापाकापी आधीच करून ठेवा. किट विकायचं असेल तर ते कधीच कागदकाम न केलेल्या माणसाला द्या आणि गप्प बसून बघा. तो जिथे अडेल ती सूचना पुन्हा लिहा.

मान आणि मनगट दुखतं.

टेबल उंच करा, काम डोळ्यांजवळ आणा, मान खाली नेऊ नका. एकच हालचाल तासन्‌तास करू नका. कापणं, घड्या, चिकटवणं यांची आलटून पालटून पाळी लावा. दुखणं रात्रीही राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. हात हेच भांडवल आहे.

नोकरी कधी सोडावी?

जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावा यांनी १९३७मध्ये कारखान्यातली नोकरी सोडून स्वतःला ओरिगामीला वाहून घेतलं. पुढची बरीच वर्षं त्यांनी दारोदार खाद्यपदार्थ विकून काढली. एका मासिकासाठी केलेल्या कामातून त्यांचं नाव झालं ते १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. लँग यांनी नोकरी सोडली २००१मध्ये, आणि तोवर त्यांची ओरिगामीवरची पुस्तकं निघालेली होती. योशिझावांबद्दल मला अपार आदर आहे, पण घरात खाणारी माणसं असतील तर लँग यांची वाट धरा.

कसोटी म्हणून एक चांगला महिना पुरत नाही. पूर्ण वर्ष बघा, कारण कागदी वस्तूंची विक्री सणांच्या आणि लग्नांच्या हंगामात उसळते आणि मग ओसरते. हंगामाचा माल तीन-चार महिने आधी तयार करायला लागतो. ओसरलेल्या महिन्यांतही घरखर्च निघत असेल, आणि मागणी पुरी करायला तुमच्याकडे वेळ कमी पडत असेल, तर सोडा.

मदतनीस कधी घ्यावा?

ऑर्डर नाकाराव्या लागू लागल्या की. त्याआधी एका वस्तूची कृती कागदावर उतरवा: कोणता कागद, ग्रेन कुठल्या दिशेला, घडीची खाच कुठे, गोंद किती, वाळायला किती वेळ, आणि कोणता दोष दिसला तर नग बाजूला काढायचा. शेजारी मंजूर नमुना टांगा. सुरुवातीला मदतनिसाकडे कापणं, घड्या आणि पॅकिंग द्या. शेवटची तपासणी काही महिने तरी स्वतःकडे ठेवा. मजुरी नगावर ठरवायची तर ती तुमच्या नव्हे, त्याच्या वेगाने मोजा. निदान पहिल्या दोन-तीन खेपांपुरती तरी.